पेनड्राइव्ह बूट होईना, आणि झाला तर कुठली डिस्क पुसेल?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. डिझाइन सेक्शनला ७ कॉम्प्युटर, त्यावर जॅकार्डचं (विणकामातल्या नक्षीचं) सॉफ्टवेअर चालतं. मागच्या महिन्यात एकाची हार्डडिस्क गेली, सगळं परत टाकण्यात तीन दिवस गेले, म्हणून आता सगळ्यांची इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल फाइलमध्ये, काढून ठेवायची म्हणते. त्यासाठी लागणाऱ्या क्लोनझिला या सॉफ्टवेअरची आयएसओ फाइल उतरवून पेनड्राइव्हवर कॉपी केली पण कॉम्प्युटर त्यावरून चालूच होत नाही. भावाने दुसरा पेनड्राइव्ह बनवून दिला, तो नव्या ४ मशीनवर चालतो, जुन्या ३ वर नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पहिल्या पेनड्राइव्हचं सोपं आहे. आयएसओ ही गठडी आहे, ती तशीच कॉपी केली तर मशीनला फक्त एक मोठी फाइल दिसते, आतलं काही दिसत नाही. ती रुफससारख्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्हवर सोडावी लागते (पेनड्राइव्हवरचं सगळं जातं हां, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या). ४ जीबीचा जुना पेनड्राइव्हसुद्धा पुरतो.

दुसऱ्याचं असं झालंय की तुमच्या भावाने बहुतेक रुफसमध्ये जीपीटी निवडलंय (जीपीटी आणि एमबीआर म्हणजे डिस्कचे भाग मांडायच्या नव्या-जुन्या पद्धती). मशीन चालू होताना विंडोजच्याही आधी जो प्रोग्राम चालतो तो नव्या मशीनमध्ये यूईएफआय असतो, त्याला ते चालतं, जुन्या तिन्हींत साधा बायोस असणार, त्यांना एमबीआर लागतं. परत बनवताना पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा आणि खाली टारगेटमध्ये बायोस आणि यूईएफआय दोन्ही दिसतंय का बघा, म्हणजे एकच पेनड्राइव्ह सातही मशीनला चालेल.

आता खरं काम. इमेज काढायच्या आधी विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. नुसतं शटडाउन केलं की फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपल्यासारखं राहतं आणि मग क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला कुरकुर करतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघा, विंडोज ११ च्या मशीनवर ते कधीकधी आपलं आपणच चालू झालेलं असतं. कुलूप असलेल्या डिस्कची इमेज काढली तर रिकामी जागासुद्धा सगळी कॉपी होते, ५०० जीबीची डिस्क म्हणजे जवळपास ५०० जीबीची इमेज. एरवी फक्त भरलेला भाग घेतला जातो, तोही दाबून. बाहेरची डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावा, काळ्या जुन्या पोर्टला सेकंदाला ३०-३५ एमबीच्या वर फारसं मिळत नाही, सातवं मशीन होईस्तोवर सेकंड शिफ्ट सुटेल. आणि मे महिना असेल तर त्या डिस्कवर टेबल फॅन सोडा, चेष्टा नाही करत, सोलापुरात दुपारी तिला हात लावून बघा.

नव्या मशीनमध्ये क्लोनझिलाला आतली डिस्कच दिसली नाही तर बायोसच्या सेटिंगमध्ये स्टोरेज (डिस्क जोडायची पद्धत) रेड मोडवर असेल, ते एएचसीआय या साध्या मोडवर करा, इमेज काढा, आणि विंडोज चालू करायच्या आधी आठवणीनं परत रेडवर करा, नाहीतर विंडोज चालू न होता निळा पडदा दिसेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

सगळ्यात जास्त जपायचं ते इमेज परत टाकताना. तिथे डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी येतात आणि पेनड्राइव्ह कुठल्या पोर्टला लावलाय त्यावर ती बदलूही शकतात. मी नवी पेठेत रिपेअरिंगला बसायचो तेव्हा एकदा डिस्क टू डिस्क कॉपी करत होतो, दोन्ही ५०० जीबी, दोन्ही एकाच कंपनीच्या, आणि मी घाईत उलटं निवडलं. कोऱ्या डिस्कची हुबेहूब कॉपी भरलेल्या डिस्कवर, गिऱ्हाईकाची ४ वर्षांची बिलं साफ. क्लोनझिलानं विचारलं होतं बरं का, दोनदा, मी दोन्हीदा वाय दाबला. तेव्हापासून मी डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर कागदावर लिहितो आणि पडद्यावरच्या नंबराशी जुळवतो, शेवटचे ४ आकडे तरी. साइज बघून ठरवू नका. बाहेरची जी डिस्क लागत नसेल ती काढूनच ठेवा.

इमेज काढायला सुरुवात करायच्या आधी क्लोनझिला विचारतं, काढून झाल्यावर इमेज तपासू का, त्याला हो म्हणा, वेळ जातो पण जाऊ द्या. आणि एखादी जादा डिस्क मिळाली तर तिच्यावर एकदा इमेज टाकून मशीन चालू होतंय का बघा. ती डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी, लहान चालत नाही.

एका मशीनची इमेज सातही मशीनवर टाकू नका. नाव सारखं होऊन नेटवर्कवर गोंधळ होतो, ड्रायव्हर वेगळे, आणि जॅकार्डच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) असेल तर लायसन्स डोंगलमध्ये असतं, इमेजमध्ये येत नाही. तो डोंगल सांभाळा, इमेजपेक्षा जास्त. आणि जी डिस्क टकटक आवाज करतेय तिची इमेज आधी काढा, उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : बूटेबल (कॉम्प्युटर ज्यावरून चालू होतो असा) बनवल्यापासून माझा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये अगदी थोड्याच जागेचा दिसतो. खराब झाला का?
— एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : नाही रे, ठणठणीत आहे. रुफसच्या डीडी मोडमध्ये (आयएसओ जशीच्या तशी उतरवतो तो) लिहिलं की असं होतं, बाकीची जागा विंडोजला दिसत नाही. डिस्कपार्ट (कमांड टाइप करून चालवायचं विंडोजमधलंच साधन) उघड, लिस्ट डिस्क कर, तुझा ३२ जीबीवाला (तिथे २९ वगैरे दिसेल) नंबर शोध, सिलेक्ट कर, क्लीन दे आणि मग नवीन पार्टिशन करून फॉरमॅट कर. खात्री नसेल तर पेनड्राइव्ह काढून परत लिस्ट बघ, जो नंबर गायब झाला तो तुझा. वरच्या ताईंना सांगितलं ते तूपण वाच, कारण क्लोनझिला निदान दोनदा विचारतं, डिस्कपार्टचं क्लीन एकदाही विचारत नाही.