आधी लॅपटॉप कपाटातून बाहेर काढा, सीएचं नंतर बोलू

नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, दोनदा नापास झाला, अभ्यास सोडून इंग्लंडच्या क्लबांचे हिशोब बघत बसतो म्हणून तुम्ही लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप घातलंत आणि 'पुरावा' म्हणून त्याच्या वहीच्या पानाचा फोटो मला पाठवलात. मार्कांचं मला काही विशेष वाटलं नाही, फाउंडेशन दोनदा जाऊन पुढे नीट मार्गी लागलेली मुलं मी कितीतरी बघितलीत. मला खटकलं ते वेगळंच. "शेत गहाण टाकून स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या मास्टर्सला इंग्लंडला पाठवतो, पण मग परत घरी तोंड दाखवायचं नाही," हे तुम्ही त्याला ताटावर बसलेला असताना बोललात, तेही त्यानं पैसे मागितलेले नसताना.

याला मार्ग दाखवणं म्हणत नाहीत दादा, याला दार लावणं म्हणतात. त्या दिवसापासून पोरगा घरात बोलत नाही याचं तुम्हाला नवल वाटतंय, मला तर तो बोलला असता तर नवल वाटलं असतं. पत्रात तुमचे धाकटे भाऊ सीए आहेत हे चार ठिकाणी आलंय, पोराला काय जमतं हे एकदाही नाही. आणि कोल्हापुरात राहून फुटबॉलच्या वेडाची तक्रार करताय, शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांच्या मॅचला त्याला लहानपणी खांद्यावर बसवून नेलं कोणी, तुम्हीच ना?

आता ते पान. पान इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराचं आहे. वर लिहिलंय, "एक स्टेडियम, फुटबॉल क्लब + रग्बी क्लब, खर्च निम्मा, दोघांचा फायदा." हे साफ चूक आहे आणि असं समजणारे खूप जण असतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो, त्यालाही वाचून दाखवा. खर्च वाटला जातो हे खरं, पण कमाई कोणाच्या खिशात जाते हे मालकी कोणाची यावर ठरतं. कॉव्हेंट्री सिटी, म्हणजे तिथला फुटबॉल क्लब, 2005 मध्ये आपलं जुनं हायफील्ड रोड सोडून नव्या स्टेडियममध्ये आली ती भाडेकरू म्हणून, कारण स्टेडियम ज्या कंपनीच्या ताब्यात होतं तिच्यातला आपला निम्मा वाटा क्लबनं पैशाच्या अडचणीत आधीच एका चॅरिटीला विकला होता, उरलेला निम्मा महापालिकेचा. भाडं वर्षाला बारा लाख पाउंडच्या पुढे, आणि मॅचला आलेला माणूस खातो-पितो, गाडी लावतो, त्यातलं क्लबला फारसं काही नाही. 2012 मध्ये क्लबनं भाडं देणं बंद केलं, भांडण इतकं पेटलं की 2013-14 चा अख्खा सीझन घरच्या मॅचेस पन्नासेक किलोमीटरवर नॉर्थॅम्प्टनला खेळले. मग 2014 मध्ये वॉस्प्स हा रग्बी क्लब आला, हेही आधी वायकॉम्बला फुटबॉल क्लबाच्या मैदानावर भाडेकरूच, यांनी सरळ स्टेडियमची ती कंपनीच विकत घेतली आणि 2015 मध्ये लोकांकडून साडेतीन कोटी पाउंडचे बाँड, म्हणजे कर्जच, उभे केले, साडेसहा टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला साडेबावीस लाखाच्या वर नुसतं व्याज. मालक झाले तरी कमाई पुरेना, त्यात कोविड. मे 2022 ला मुद्दल परत करायचं होतं, जमलं नाही, ऑक्टोबरमध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि 167 जणांची नोकरी एका दिवसात गेली. मग स्टेडियम फ्रेझर्स ग्रुप या दुकानांच्या कंपनीकडे, 1.7 कोटी पाउंडला. फुटबॉल क्लबच्या मालकानं ते विकत घेतलं तेव्हा 2025 उजाडलं होतं.

मैदानाचंही तेच. 2022 च्या कॉमनवेल्थ गेम्सचं रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं रग्बी, तिथेच झालं, तीन दिवसांत साठच्या वर मॅचेस, गवताची अशी वाट लागली की पुढच्याच आठवड्यातली फुटबॉल क्लबची घरची मॅच पुढे ढकलली. हे नुकसान कुठल्या खात्यात लिहायचं सांगा?

पण दादा, पानाच्या अगदी खाली, कोपऱ्यात, पेन्सिलीनं एक ओळ आहे, तुम्ही बहुतेक बघितली नसेल. "पार्किंगचे पैसे कोणाला?" त्या सगळ्या प्रकरणाचं मूळ ह्या तीन शब्दांत आहे आणि हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. जो पोरगा करमणूक म्हणून परक्या देशातले ताळेबंद वाचतो त्याला अकाउंट्स आवडत नाही असं म्हणूच नका, त्याला तुमची सीएची घाई आवडत नाही.

तर माझं मत. स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या मास्टर्ससाठी शेत गहाण टाकायचं नाही, अजिबात नाही, त्या डिग्रीवर क्लबात नोकरी मिळेल या भरवशावर कर्ज काढायचं वय त्याचंही नाही आणि तुमचंही नाही. फाउंडेशनचा तिसरा अटेम्प्टही आत्ता नको, बी.कॉम.ला 55 टक्के आले तर सीए इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो, कॉस्ट अकाउंटिंगचं सीएमए आहे, ब्रिटनमधलं अकाउंटिंगचं एसीसीए आहे, ते तिसऱ्या वर्षानंतर बघू. काकांच्या ऑफिसात सुट्टीत जायचं तर त्यानं स्वतः विचारून जावं, तुम्ही नेऊन बसवायचं नाही.

आणि त्याला माझा निरोप द्या. ब्रिटनमधल्या कंपन्यांचे हिशोब कंपनीज हाउसच्या साइटवर फुकट मिळतात, क्लबांचेसुद्धा. वॉस्प्सच्या कंपन्यांचे 2015 पासूनचे मिळतील तेवढे काढ, स्टेडियमची कमाई एका रकान्यात, व्याज दुसऱ्यात, आणि कुठल्या वर्षी तुला धोका दिसला असता ते दोन पानांत मराठीत लिहून मला पाठव. वेल्समधल्या स्वान्सीला फुटबॉल क्लब आणि ऑस्प्रीज हा रग्बी संघ बरीच वर्षं एकाच स्टेडियमवर खेळले, तिथे मालकी कोणाची होती तेही शोध. घाई नाही, महिना घे.

दादा, यासाठी लॅपटॉप लागेल. किल्ली आज रात्रीच द्या, आणि देताना काही बोलू नका.