मशीन अडल्यावर हाक कुणाला?

सेलू तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी 19 वर्षांची, बारावी आर्ट्स. दोन वर्षांपासून तहसीलसमोरच्या झेरॉक्स सेंटरवर आहे, महिना 7,000. आता छत्रपती संभाजीनगरची एक एजन्सी तिला जुने कागद स्कॅन करायच्या कामावर ‘मशीन ऑपरेटर’ म्हणून 12,000 देतो म्हणते. आधी 20,000 भरा, पुढं पोरगी कायम होईल, असं एजंटानं सांगितलंय. मेहुणे म्हणतात, झेरॉक्सवालीला काय भवितव्य? पाठवू की नको?

दादा,

आधी पैशाचं बोलू. ते वीस हजार देऊ नका. नंतर पगारातून कापून घेतो म्हणाले तरी नाही. माणसं पुरवणाऱ्याला त्याचा पैसा कार्यालयाकडून मिळतो, तो तुमच्या खिशातून कशाला? आणि सरकारी कायम जागा जाहिरात निघून, परीक्षा होऊन भरतात. ते कंत्राटदाराच्या हातात नसतं. सोयाबीनची पट्टी हातात पडली की असे लोक बरोबर गावात उगवतात.

आता पोरीचं. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की मशीन अडली की मालक मेकॅनिकला फोन लावायच्या आधी हिला हाक मारतो. आणि पावसाळ्यात ही नवी रिम फोडली की कागद हातात घेऊन फुलवते, मग ट्रेत घालते. हे तिला कुणी शिकवलं, ते तुम्ही लिहिलं नाही. मला वाटतं, कुणीच नाही. दमट हवेत कागद ओल धरतो, एकाला एक चिकटतो, दोन पानं एकदम ओढली जातात आणि जॅम होतो. हे तिनं बघून बघून ओळखलंय. बटण दाबायला कुणीही येतं. कागद का अडकला हे ज्याला कळतं, त्याला काम मिळतं.

तिनं आता मशीनच्या आत काय चालतं ते नीट समजून घ्यावं. ड्रमवर उजेडानं चित्र उमटतं, त्याला टोनर चिकटतो, तो कागदावर येतो आणि फ्यूजर त्याला वितळवून पक्का करतो. म्हणून तर कागद गरम बाहेर येतो. फ्यूजर दोनशे अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा अडकलेला कागद काढताना घाई नको. ड्रम उघड्यावर ठेवायचा नाही, उजेडानं खराब होतो. टोनर सांडला तर थंड पाण्यानं धुवायचा, गरम पाण्यानं तो कपड्यात बसतो. सर्व्हिसवाला आला की चहा देऊन शेजारी उभं राहायचं. त्याच्यासारखं शिकणं फुकटात कुठं मिळत नाही.

स्कॅनिंगचं काम मात्र वेगळं आहे, आणि आपल्या मराठवाड्यात ते खरंच आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले दस्त तहसीलांच्या कपाटांतून बाहेर निघाले, स्कॅन झाले. असा जीर्ण कागद फीडरमधून ओढायचा नसतो, फाटतो. काचेवर एकेक पान ठेवायचं, 300 डीपीआयवर (चित्र किती बारीक टिपायचं त्याचं माप), आणि फाईलला नाव असं द्यायचं की गाव आणि वर्ष नुसतं बघून कळावं. नाव चुकलं तर दस्त असून नसल्यासारखा. सातबारा-फेरफार रोज हाताळणाऱ्या पोरीला यातलं निम्मं आधीच येतं. मोडी शिकली तर फारच बरं.

पण स्कॅनिंगचं कंत्राट संपतं. कागद संपले की काम संपलं, आणि शहरात खोलीचं भाडं थांबत नाही. म्हणून जायचंच असेल तर आधी विचारा: नेमणुकीचं पत्र मिळेल का, पगार बँकेत येईल का, पीएफचा यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) आणि ईएसआय (आजारपणाचा सरकारी विमा) आहे का? उत्तर ‘बघू’ असेल तर 12,000 हा आकडा विसरा. खोली-जेवण वजा केल्यावर सेलूचे 7,000 जास्त ठरतील. माझं मत, वर्षभर तिला तिथंच राहू द्या.

त्या वर्षात संध्याकाळी टायपिंग: मराठी 30, इंग्रजी 40 शब्द मिनिटाला. परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. शिवाय यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला नाव घाला. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला पदवी आणि टायपिंग दोन्ही लागतं. ती परीक्षा मोठी आहे, लाखांवर पोरं बसतात, हे सांगून ठेवतो. नाहीच जमलं, तर आयटीआयचा एक वर्षाचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) ट्रेड दहावीवरही होतो. मशीन दुरुस्तीकडं कल दिसला तर मी तिला त्याच बाजूला ढकलेन. या कामात पोरी कमी आहेत, पण शाळा-कॉलेजांची मशीनं काय कमी अडतात?

मेहुण्यांचं मनावर घेऊ नका. कोर्टकचेरीच्या तारखेला फाईलच्या चार प्रती पाठपोट, पानांना नंबर घालून, तासाभरात लागतात, तेव्हा वकीलसुद्धा ‘ताई, एवढं करा’ म्हणून उभे असतात.

एक काम याच आठवड्यात करा. सध्याच्या मालकाकडून लेटरहेडवर, शिक्का मारून अनुभवाचा दाखला घ्या. त्यात नुसतं ‘काम केलं’ नको. कोणतं मशीन, काय दुरुस्त करते, कधीपासून, सगळं लिहून घ्या. मालक आत्ता खूश आहे, आत्ताच देईल.