‘मराठीत याला शब्दच नाही’ असे म्हणण्यापूर्वी

विचित्र किंवा परस्परविरोधी परिस्थितीला ‘कॅच-२२’ म्हणता येईल का आणि त्याला मराठीत काही शब्द आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर असे की प्रत्येक विचित्र परिस्थितीला तसे म्हणता येत नाही. हा शब्दप्रयोग जोसेफ हेलर यांच्या १९६१ सालच्या कादंबरीच्या नावावरून रूढ झाला. तीत दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांसाठी एक नियम आहे: वेड लागलेल्याला उड्डाणातून सूट मिळते, पण ती त्याने स्वतः मागावी लागते, आणि जिवाच्या भीतीने ती मागितली की तो शहाणा ठरतो व त्याला उडावेच लागते. सुटकेची वाट दाखवणारा नियमच ती वाट बंद करतो. छत्री विसरली त्याच दिवशी पाऊस आला, याला कॅच-२२ म्हणणे चूक आहे. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ हाही त्याचा पर्याय नव्हे, कारण तेथे दोन संकटांतून एक निवडण्याची तरी मुभा असते.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण ‘मराठीत याला शब्दच नाही’ हे वाक्य मी घरच्याच माणसाकडून ऐकले आहे. वडील गेल्यावर वडोदऱ्यातील दांडिया बाजारातले आमचे घर आईच्या नावावर करायचे होते. वेरापावतीवर, म्हणजे घरपट्टीच्या पावतीवर, नाव बदलण्यासाठी एका कचेरीत आईच्या नावाचे लाइटबिल मागितले. लाइटबिलावर नाव चढवायला गेलो, तर तेथे आईच्या नावाची वेरापावती हवी होती. दोन्हीकडची माणसे सभ्य होती आणि दोघांनीही भिंतीवरच्या छापील यादीतल्या ओळीवर बोट ठेवून दाखवले. मृत्यूचा दाखला, पेढीनामा म्हणजे वारसांची वंशावळ आणि कडा मऊ पडलेल्या झेरॉक्स प्रती कापडी पिशवीत घेऊन आई प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर येत असे. तिसऱ्या खेपेला माझे मेव्हणेही होते. बाहेरच्या बाकावर बसल्यावर ते म्हणाले, “हा कॅच-ट्वेंटी-टू आहे. मराठीत याला शब्दच नाही.” पिशवीचे बंद आवळत आई म्हणाली, “जावईबापू, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे तुम्ही कधी ऐकलं नाहीत?”

सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने हेलरचे नावही ऐकलेले नव्हते, तरी तिच्या म्हणीतही सुटकेची वाट वेडापाशीच अडली आहे. मेव्हण्यांचे म्हणणे पडले की ही म्हण झाली, शब्द नव्हे. शब्दच हवा असेल तर न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, ‘अन्योन्याश्रय’ आहे: पहिली गोष्ट दुसरीवर आणि दुसरी पहिलीवर अवलंबून असणे. बोलण्यात हवा असेल तर ‘मेख’ आहे. इंग्रजीतल्या ‘कॅच’चा येथे तोच अर्थ आहे आणि ‘नियमातच मेख आहे’ एवढे म्हटले की मराठी माणसाला कळते. सयाजीरावांच्या कारकिर्दीत १९३१ साली ज्या शहरातून ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषिक कोश निघाला, त्या शहरात, तेही कचेरीच्याच दारात बसून, मराठीला शब्द नाही असे कोणी म्हटलेले मला सोसत नाही. न शोधता ‘नाही’ म्हणणे हा आळस आहे.

इंग्रजीत बोलताना किंवा लिहिताना कॅच-२२ जरूर वापरावे. माझा विरोध त्याला नाही. ज्या घरात मानसिक आजार आहे तेथे आईची म्हण वापरू नये, कारण ती दुखावते. आणि एकच नियम स्वतःच्याच आड येत असेल, तर अन्योन्याश्रय नीट बसत नाही, तेथे मेखच बरी.

आमचे काम पुढे एका अधिकाऱ्याने वडिलांच्या नावाचे जुने लाइटबिल आणि आईचे प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरल्यामुळे झाले. मेव्हण्यांनी कॅच-ट्वेंटी-टू म्हणणे सोडावे असे मी त्यांना कधीच सांगितले नाही; बाकावरचे ते दुसरे वाक्य त्यांनी आईसमोर मागे घ्यावे, एवढेच मी मागतो आहे, आणि ते त्यांनी अजून घेतलेले नाही.