फोक्सवॅगन बीटलच्या चासीवरच्या पोर्शे ३५६ रेप्लिकाला जुन्या धर्तीचे फिनवाले (थंड होण्यासाठी बाहेरून पट्ट्या असलेले) ब्रेक ड्रम थेट बसतील का?

थेट नाही बसणार. १९७०च्या दशकातल्या बीटलला सहसा चाकाचे चार बोल्ट, १३० मिमी व्यासाच्या वर्तुळावर; ३५६ ए आणि बीला पाच, २०५ मिमीवर. पण नुसती नवी भोकं पाडून भागत नाही. खरी अडचण पुढच्या बेअरिंगची: लिंक-पिनच्या (जुन्या पद्धतीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या) गाडीचा ड्रम बॉल-जॉइंटच्या (नंतरच्या पद्धतीच्या) स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, बसत नाही. म्हणून तुमच्या स्पिंडलला जुळणारा पाच बोल्टांचा ड्रमच घ्या. अ‍ॅडॅप्टर, म्हणजे चार बोल्टांच्या ड्रमवर पाच बोल्टांचं चाक बसवणारी मधली चकती, मला पटत नाही. चाक बाहेर सरकतं, मडगार्डला घासू शकतं.

३५६चा मूळ ॲल्युमिनियमचा ड्रम मिळालाच, तर आतली बिडाची रिंग किती झिजलीय ते आधी मोजा. बसवून हाताने फिरवा. दर फेरीला एकाच जागी घासला तर लेथवर द्या. मागच्या चाकाच्या मधल्या नटाला सुमारे २९४ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर), आणि नट सैल होऊ न देणारी स्प्लिट पिन नवीनच.