वाचक विचारतात : गोंदण, टॅटू आणि नंतरचा पस्तावा

या वेळी आलेली पत्रं बहुतेक एकाच विषयावर आहेत : अंगावर कायमचं काढून घेतलेलं आता नको वाटतंय. त्यांतली तीन इथे घेतली आहेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेत उजव्या हातावर, मनगटाच्या वर आतल्या बाजूला, एका मुलीचं नाव गोंदवलं. तिचं लग्न झालं. मी आता भरतीची तयारी करतोय. हे नाव आड येईल का? काढता येतं का?
– एक तरुण, शहादा तालुका

उत्तर : कुठल्या भरतीला उतरणार, यावर ते ठरेल. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांत नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला, आणि त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान. सलामीच्या, म्हणजे उजव्या हाताच्या आतल्या बाजूला चालत नाही. तुमची अडचण तिथेच आहे. सैन्यदलात कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू चालते. आदिवासी उमेदवारांच्या रूढीतल्या गोंदणाचा तिथे वेगळा विचार होतो, त्यामुळे भिल्ल-पावरा समाजातल्या मुलांनी जुनं गोंदण घाईनं मिटवायला जाऊ नये. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात मात्र नीट वाचा.

नाव काढता येतं, पण त्याला वेळ लागतो. शाई वरच्या कातडीत नसते. ती खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल, पेशींनी धरून ठेवलेली असते. लेझरच्या झटक्यानं तिचे बारीक तुकडे होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. म्हणून लेझरच्या एका बैठकीनंतर दुसरीपर्यंत सहा ते आठ आठवडे जावे लागतात. काळ्या शाईला बहुधा सहा ते दहा बैठका लागतात, म्हणजे वर्ष धरूनच चाला. हिरवी-निळी शाई त्याहून चिवट असते. आपल्या सावळ्या कातडीसाठी 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग नावाचा लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. दुसऱ्या लेझरनं पांढरे किंवा काळे डाग उठण्याचा धोका जास्त. आधी एकाच अक्षरावर चाचणी करून घ्या. उन्हानं रापलेल्या हातावर लेझर मारला की शाईबरोबर कातडीचा रंगही जळतो, तेव्हा दिवाळीनंतर सुरुवात करा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट वापरा.

चुना, ॲसिड, तापवलेली सळई यांतलं काहीही करू नका. नाव जाईल की नाही सांगता येत नाही, व्रण मात्र नक्की राहील. नावावर मोठं चित्र काढून झाकायचा विचारही भरतीसाठी निरुपयोगी, कारण आकार वाढतो.

आणखी एक, आणि हे यात्रेत गोंदवलेल्या प्रत्येकाला : तिथे एकच सुई अनेकांच्या हातांवर फिरते. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करून घ्या. दोन वर्षं झाली असल्यानं एकदा केलेली पुरेल.

प्रश्न : मी 46 वर्षांची. लहानपणी आजीनं हनुवटीवर तीन ठिपके गोंदवून घेतले. मुलाचं लग्न आलंय, मुलगी म्हणते फोटोत वाईट दिसतं, काढून टाक. माझी माय म्हणते, ‘बाकी समदं आठेच ऱ्हास, गोंदन संगे येस.’ (बाकी सगळं इथेच राहतं, गोंदण मेल्यावरही सोबत येतं.) काय करू?
– एक ताई, यावल

उत्तर : ताई, तुम्ही मुलीचं म्हणणं लिहिलंत, आईचंही लिहिलंत. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ते पत्रात नाही. आम्हाला तेच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या आजीच्या काळी गोंदण हा चोराला नेता न येणारा दागिना होता. त्याच वेळी, आठ-दहा वर्षांच्या पोरीला धरून बसवून टोचलेलं ते असायचं, तिला कुणी विचारलेलं नसायचं. त्यामुळे कुणाला ते जिवापाड जपावंसं वाटतं आणि कुणाला नकोसं. दोन्ही खरं आहे.

काढायचंच असेल तर तुमचं काम त्या तरुणापेक्षा सोपं आहे. जुन्या गोंदणात काजळी, म्हणजे कार्बन, तीही विरळ. चेहऱ्याला रक्तपुरवठा चांगला. दोन ते चार बैठकांत ठिपके बरेच फिके होतात. पण लग्न दोन-तीन महिन्यांवर असेल तर आता सुरू करू नका, ऐन लग्नात खपली किंवा डाग दिसेल. त्या दिवसापुरतं झाकायला आधी नारिंगी करेक्टर (डागाचा रंग मारणारं क्रीम) टिपून लावा, मग कातडीच्या रंगाचं कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम), वर पावडर. ठिपके काळपट निळे दिसतात, नारिंगीनं तो निळेपणा मरतो. नुसतं कन्सीलर लावलं तर करडा डाग दिसतो.

प्रश्न : आईचं नाव हातावर मराठीत काढायचंय. नंतर पस्तावू नये म्हणून काय बघावं? केळीबागेत काम असतं.
– एक वाचक, रावेर

उत्तर : आईच्या नावाचा पस्तावा क्वचितच होतो. तो होतो बिघडलेल्या अक्षरांचा. अनेक डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी फुटते : ‘शिव’चं ‘शवि’ होतं, जोडाक्षरात पाय मोडलेला दिसतो, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. म्हणून नाव आधी कागदावर स्वतः लिहून न्या. कातडीवर छापा उमटल्यावर तो दुसऱ्या कुणाकडून मोठ्यानं वाचून घ्या, सुई त्यानंतरच. अक्षराची उंची निदान एक सेंटिमीटर ठेवा, कारण शाई वर्षांनुवर्षं थोडी पसरते आणि बारीक अनुस्वार, मात्रा आधी बुजतात. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा. शाईही छोट्या नव्या टोपणात ओतलेली हवी, बाटलीत बुडवलेली नको.

जागा भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. दिवसातून दोनदा साध्या साबणानं धुवा, टिपून कोरडं करा, मलम अगदी पातळ लावा. खपली ओढलीत तर तिथली शाईही निघते. तेवढे दिवस विहिरीत किंवा तापीत पोहणं बंद, केळीचा चीक आणि फवारणीचं औषध हाताला लागू द्यायचं नाही. म्हणून कापणीच्या धांदलीत आणि एप्रिल-मेच्या उन्हात गोंदवू नका, पौष-माघ बरा. लाली वाढत गेली, पू आला किंवा ताप भरला तर हळद न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि गावात रक्तदान शिबिर असलं तर पुढचं वर्षभर रक्त देता येणार नाही, तेवढं आधी देऊन टाका.