लघुउपग्रहातला जायरो: डेटाशीटवर किती भरवसा ठेवायचा?

क्यूबसॅट (छोटे घनाकृती उपग्रह) बांधणाऱ्या कॉलेजांतून मेम्स जायरोबद्दल, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या इवल्याशा सिलिकॉन सेन्सरबद्दल, तेच ते प्रश्न येत आहेत. म्हणून उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न: अ‍ॅक्सिलरोमीटरवरून (त्वरण मोजणाऱ्या सेन्सरवरून) कक्षेतलं स्थान काढता येईल का? (विद्यार्थी, नागपूर)

नाही. कक्षेत त्याला गुरुत्व जाणवतच नाही. जीपीएस रिसीव्हर बसवा.

प्रश्न: मंगळावरच्या 'इन्जेन्युइटी' या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये मोबाईलच्या दर्जाचा सेन्सर होता म्हणे. मग आम्हाला महागडा कशाला? (विद्यार्थिनी, सांगली)

होता. पण त्याचं प्रत्येक उड्डाण तीन मिनिटांच्या आत संपायचं आणि जोडीला जमिनीकडे रोखलेला कॅमेरा होता. तुमच्या उपग्रहाला महिनोन्महिने चालायचंय. अर्धी गोष्ट ऐकून खरेदी करू नका.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, 'बायस इन्स्टॅबिलिटी ताशी 2 अंश आहे, स्टार ट्रॅकरची गरज नाही.' पटतं का? (प्रकल्प मार्गदर्शक, पुणे)

अजिबात नाही, आणि अशी विक्री मला चीड आणते. बायस म्हणजे जायरो स्थिर असतानाही तो दाखवतो ती खोटी गती; स्टार ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा कॅमेरा. विक्रेत्याचा आकडा अ‍ॅलन व्हेरियन्सच्या (वाचन किती काळात किती ढळतं हे दाखवणाऱ्या) आलेखातला सर्वांत खालचा बिंदू आहे. तोही सेन्सर टेबलावर स्थिर, खोलीचं तापमान स्थिर असताना मिळालेला. पृथ्वीजवळच्या कक्षेत साधारण दर दीड तासाने ऊन-सावलीचं एक चक्र पुरं होतं. जायरोतली सिलिकॉनची रचना कंप पावत असते. तापमान बदललं की तिची वारंवारता बदलते आणि बायस सरकतो. शिवाय दर वेळी चालू केल्यावर बायस थोडा वेगळा येतो. घटकाभर 2 अंश खरे धरा: दहा तासांत 20 अंशांची चूक. अँटेना कुठे बघत असेल?

जायरो उत्तम असला तरी दिशा ताडून पाहायला बाहेरचा संदर्भ लागतोच. जपानचा 'हितोमी' उपग्रह 2016 च्या मार्चमध्ये निकामी झाला. स्टार ट्रॅकरची दुरुस्ती वापरात आली नाही, बायसचा चुकीचा अंदाज तसाच राहिला. उपग्रह स्थिर असताना यंत्रणेला तो ताशी सुमारे 21.7 अंशांनी फिरतोय असं वाटलं. ते 'थांबवायला' तिने त्याला खरंच फिरवलं. पुढे थ्रस्टरसाठी (दिशा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांसाठी) भरलेल्या चुकीच्या आकड्यांनी गती वाढवली आणि सौरपंख तुटले.

तापमानाच्या पूर्ण पल्ल्यातला बायस विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो कागद उपग्रह उडवलेल्या नियंत्रण अभियंत्याला दाखवा, मगच ऑर्डर द्या.

प्रश्न: जायरो उलटा बसला तर सॉफ्टवेअरमध्ये चिन्ह बदलून भागेल? (विद्यार्थी, नाशिक)

आधी कळलं तर. 2 जुलै 2013 ला रशियाचं प्रोटॉन-एम रॉकेट तीन ग्लोनास (जीपीएससारख्या दिशादर्शक) उपग्रहांसह कोसळलं. कोनीय वेगाचे (फिरण्याचा वेग मोजणारे) सेन्सर उलटे बसवले होते. प्रत्येक अक्षाभोवती हाताने फिरवून पाहा, नोंदीवर दुसऱ्याची सही घ्या.

प्रश्न: प्रक्षेपण जवळ आलंय. थर्मल (उष्ण-थंड तापमानातली) चाचणी नंतर केली तर? (विद्यार्थी, मुंबई)

नंतर म्हणजे केव्हा? आजच चाचणीच्या चेंबरची वेळ मागा आणि मार्गदर्शकांशी बोला.