ऑपरेशन संपलं, मग पेशंट बाहेर का येत नाही?

प्रश्न : आईचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. सर्जन बाहेर येऊन 'सगळं छान झालं' म्हणाले, तरी तिला वॉर्डात आणायला तीन तास लागले. तिच्यानंतर आत गेलेली बाई मात्र आधी आली. आमच्यापासून काही लपवलं होतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा तसं काही नसतं. रिकव्हरीतून, म्हणजे ऑपरेशनानंतर पेशंटवर लक्ष ठेवतात त्या खोलीतून, सोडायचं ते घड्याळ पाहून नव्हे, गुण पाहून. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि रक्तातला ऑक्सिजन या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात. साधारण 10 पैकी 9 झाले की पेशंट वॉर्डात जातो. दुखणं आणि उलट्याही आटोक्यात असाव्या लागतात.

तुमच्या आईच्या ऑपरेशनानंतर मळमळ नेहमीची. बायकांना, गाडी लागणाऱ्यांना, अफूवर्गातली वेदनाशामकं दिलेल्यांना ती जास्त होते. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही. (म्हणून कुणी ओढायला लागू नये!) उलटीचं इंजेक्शन दिलं की ते लागू पडतंय का, हे पाहावं लागतं. दुखतं म्हणून फेंटानिल किंवा मॉर्फिन दिलं, तर श्वास मंदावत नाही ना, हे पाहायला पुन्हा थांबणं आलं. घोरणाऱ्या पेशंटची खरी पंचाईत इथेच होते. हाक मारली की ऑक्सिजन 98, जरा एकटं सोडलं की डोळा लागतो आणि आकडा 90 वर येतो. अशा माणसाला लवकर सोडणं हा निव्वळ धोका आहे.

पोटाच्या ऑपरेशनात स्नायू सैल करणारं औषध देतात. त्याचा अंमल उरला, तर पेशंट जागा असूनही खोकायला जोर पुरत नाही. मनगटापाशी सौम्य विजेचे चार झटके देऊन अंगठा किती उडतो ते पाहतात. चौथी उडी पहिलीच्या निदान 90 टक्के हवी. मूत्रपिंडं कमजोर असतील तर यातली काही औषधं रेंगाळतात. एसीत अंग 36 अंशांखाली गेलं तरी तेच, वर हुडहुडीने ऑक्सिजनची गरज वाढते. मग गरम हवेचं पांघरूण घालून थांबायचं.

आणि पुष्कळदा पेशंट तयार असतो, वॉर्डातली खाट रिकामी नसते किंवा ट्रॉली न्यायला माणूस नसतो. नातेवाइकांना हे कुणी सांगत नाही, ही मात्र चूकच. सिस्टरना सरळ विचारा : 'तब्येतीसाठी थांबलोय की खाटेसाठी?'

प्रश्न : हर्नियासाठी कमरेखालची भूल दिली होती. पाय हलू लागले तरी वडिलांना उठू का देत नव्हते?

उत्तर : पाय हलले तरी रक्तदाब सावरलेला असतोच असं नाही; एकदम उभं राहिलं की चक्कर येते. लघवीही तुंबू शकते, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर जास्तच. घोरणं, गाडी लागणं, लघवीचा त्रास, मधुमेहाची औषधं हे सगळं ऑपरेशनाआधीच भूलतज्ज्ञांना सांगा.